साईट उघडणा नाय

पहाटे 5.40

डोळे नीट उघडायच्या आधी हात फोनकडे जातो. रात्री दोनच्या सुमाराला लाईट गेली, साडेतीनला आली आणि त्याचा सगळा हिशेब फोनवर येऊन पडलाय. मे संपत आलाय. रोज संध्याकाळी सह्याद्रीकडून वळिवाचे ढग येतात. पाऊस देवोत न देवोत, लाईट मात्र घेऊन जातात.

मी सांभाळते त्या साईट बहुतेक मालकांच्या घरातच राहतात. देवबाग-तारकर्लीचे न्याहारी-निवासवाले, मालवणातलं एक ग्रंथालय, दशावतारी नाटकांची जुनी रेकॉर्डिंगं जमवणारे एक निवृत्त गुरुजी. फ्रीजवर नाहीतर पडवीतल्या कपाटात एक छोटा संगणक, चोवीस तास चालू. लाईट येऊन राऊटर पुन्हा उठला की बऱ्याचदा त्याला नवा आयपी पत्ता मिळालेला असतो. म्हणून त्या संगणकात एक लहानशी स्क्रिप्ट घातलेली असते. ती थोड्या थोड्या वेळानं बाहेरच्या एखाद्या सर्व्हरला विचारते, मी तुला कुठल्या पत्त्यावरून दिसतोय? उत्तर बदललं असलं की डीएनएसमधली, म्हणजे कुठल्या नावाचा पत्ता कोणता हे सांगणाऱ्या यंत्रणेतली, नोंद बदलून टाकते. नोंदीचा टीटीएल, म्हणजे जगानं हे उत्तर किती वेळ जपून ठेवायचं ती मुदत, मी 300 सेकंद ठेवते. त्यामुळे लाईट आल्यावर दहा-पंधरा मिनिटांत सगळं जागेवर यायला हवं.

आलंही. देवबागची एक साईट सोडून.

मुंबईत भाड्यानं घेतलेलं माझं एक मशीन साऱ्या साईटना ठरावीक वेळानं हाक मारून बघतं. त्याचं म्हणणं असं: नाव सापडलं, पत्ता मिळाला, पत्त्यावर कोणी ओ देत नाही. इथवर कळलं की डीएनएसला शिव्या घालण्यात अर्थ नसतो. लोक तरीही त्यालाच घालतात. काही बिघडलं की ब्राउझरच्या करड्या पानावर तेवढं एकच नाव ओळखीचं दिसतं, त्याला तो बिचारा काय करणार!

6.25

देवबागच्या काकींचा फोन. पुण्याहून पाहुणे पहाटे निघालेत, त्यांना रस्त्याचा नकाशा हवा होता, आणि तो साईटवर आहे.

"काय गो बाय, पाव्हण्यांका साईट उघडणा नाय म्हणतत. आमच्या घरात तर बरी उघडता."

"काकी, फोनचा वायफाय बंद करा नि मोबाइल डेटावर बघा."

थोडा वेळ मागे फक्त कोंबड्यांचा आवाज. मग, "आता दिसणा नाय. खंय गेली?"

कुठेच गेली नाही. पण त्यांच्या घरात ती दिसते, याचा काडीचाही उपयोग नाही. घरातल्या राऊटरला मी सांगून ठेवलंय की हे नाव कोणी आतून विचारलं तर थेट फ्रीजवरच्या संगणकाचा आतला पत्ता दे. कारण पुष्कळ राऊटरना आतून बाहेर जाऊन पुन्हा आपल्याच दारात परत येणं जमत नाही. म्हणजे एकच नाव, पण घरातल्याला एक उत्तर आणि पुण्याच्या पाहुण्याला दुसरं. 'साईट बंद आहे' असं कोणी म्हणालं की माझा पहिला प्रश्न असतो, तुम्ही आहात कुठे, वायफायवर की डेटावर? लोकांना तो उडवाउडवीचा वाटतो. पण निम्मं काम तिथेच होतं.

पाहुण्यांना नकाशाची लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला सांगते आणि दहा-साडेदहाला येते म्हणते.

7.30

बंदरावर. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद, त्यामुळे आता मिळेल ते घ्यायची घाई. बांगडे मिळाले. सुरमईचा भाव ऐकून तोंड फिरवलं.

8.30

ग्रंथालयाच्या चिटणीसांचा फोन. "साईटवर जाहिराती येतत. हॅक झाली काय?"

लॅपटॉपवर 'डिग' ही डीएनएसला प्रश्न विचारणारी आज्ञा चालवते, मागचा सगळा प्रवास दाखवायला लावून. मला या कामातलं सगळ्यात आवडतं ते हेच. प्रश्न आधी रूट सर्व्हरकडे जातो. त्यांना ए पासून एम पर्यंत तेरा अक्षरं दिलेली आहेत, पण प्रत्येक अक्षराच्या प्रती जगभर विखुरल्यात. आय अक्षराची एक मुंबईतही आहे. रूट म्हणतो, मला हे नाव ठाऊक नाही, पण डॉट इन कोण बघतं ते सांगतो. डॉट इनवाला म्हणतो, या नावाचे नेमसर्व्हर अमुक-तमुक, त्यांना विचारा. आणि खरं उत्तर ते देतात. पॉल मोकापेट्रिसनं 1983 मध्ये ही रचना मांडली तेव्हा कोणा एकाकडे सगळी नावं नसावीत हाच तिचा गाभा होता, आणि अजून तो बदललेला नाही.

डॉट इन हे शेपूट 1989 मध्ये भारताला मिळालं तेव्हा ते सांभाळायला दिलं होतं मुंबईत जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीकडे. पुढे 2005 मध्ये निक्सी या संस्थेकडे कारभार आला आणि कोणालाही नाव घेता येऊ लागलं. त्याआधी ते मिळवणं जिकिरीचं होतं, म्हणून आपल्याकडच्या जुन्या कंपन्या डॉट कॉमवर दिसतात.

डिगच्या शेवटच्या ओळींत भलतेच नेमसर्व्हर. हॅक वगैरे काही नाही. नावाची मुदत संपली आणि ज्यांच्याकडून नाव घेतलं त्यांनी ते आपल्या जाहिरातींच्या पानाकडे वळवलं. ग्रंथालयाचा संगणक कपाटात व्यवस्थित चालू आहे, स्कॅन केलेली जुनी मासिकं जागच्या जागी आहेत, फक्त तिथे जायचं नाव तेवढं हातातून निसटतंय. मुदत संपल्या संपल्या नाव दुसऱ्याला जात नाही, काही आठवडे जुन्या मालकाला संधी असते. पण ती घ्यायची कोणी?

नाव आहे एका मुलाच्या खात्यावर. त्यानं कॉलेजात असताना हौसेनं साईट करून दिली, पैसेही घेतले नाहीत. आता तो दुबईला आहे. आठवणीचे मेल त्याच्या कॉलेजातल्या पत्त्यावर जात राहिले आणि ओटीपी जातो त्याच्या जुन्या नंबरवर. मुलाची काही चूक नाही. ग्रंथालयाच्या इमारतीचा सातबारा कोणाच्या नावावर आहे हे चिटणीसांना झोपेतही सांगता येईल. साईटचं नाव कोणाच्या नावावर, हा प्रश्न कार्यकारिणीत कधी निघालाच नाही.

या किनाऱ्यावर निम्म्या जणांची हीच गत आहे. नाव भाच्याच्या खात्यावर, नाहीतर कुडाळच्या साईट करून देणाऱ्याच्या, नाहीतर कामाला होता आणि गेला अशा पोराच्या. माझं मत विचाराल तर संगणक घरात ठेवा, मुंबईत भाड्यानं घ्या, काही फरक पडत नाही. तो उद्या बदलता येतो. पण नाव स्वतःच्या मेलवर, स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या पैशानं घेतलेलं पाहिजे.

दुबईत सात वाजलेत. मुलाला मेसेज टाकते.

10.40

देवबाग. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. बघायला सुंदर आणि विजेच्या उपकरणांना वैरी. इथली हवा तांबं खाते. राऊटरच्या मागची केबल काढून बघितली तर टोकाच्या आठ सोनेरी पट्ट्यांपैकी दोन हिरव्या पडल्यात. आजचं दुखणं ते नाही, पण टोक कापून नवीन बसवते. नाहीतर ऐन गणपतीत, चाकरमान्यांनी घर भरलेलं असताना, ते उठेल.

मग राऊटरचं पान. त्यात 'वॅन आयपी' म्हणून एक ओळ असते. आज तिथे पत्ता 100.84 नं सुरू होतो. झालं, निदान संपलं.

गेल्या आठवड्यात इंटरनेटवाल्यानं लाइन बदलून दिली होती. जुनं कनेक्शन तुटलं नव्हतं तोवर जुनाच पत्ता चालू राहिला. रात्री लाईट गेली, राऊटर नव्यानं जोडला गेला आणि नव्या पद्धतीत पडला. 100.64 पासून 100.127 पर्यंतचे पत्ते 2012 मध्ये खास याच कामासाठी बाजूला काढून ठेवलेत. आयपीव्ही4 चे एकूण पत्ते 429 कोटींच्या आसपास. 2011 च्या फेब्रुवारीत जागतिक साठ्यातले शेवटचे मोठे गठ्ठे वाटून झाले आणि एप्रिलपर्यंत आशियाच्या वाट्यालाही तळच उरला. तेव्हापासून कंपन्या बऱ्याच घरांना मिळून एकच खरा पत्ता देतात. अख्ख्या वाडीचं टपाल एकाच पेटीत पडावं तसं: आपण पाठवलेल्या पत्राचं उत्तर बरोबर घरी येतं, कारण ते कोणी पाठवलं होतं याची पेटीवाल्याकडे नोंद असते, पण बाहेरून कोणी आपणहून पत्र टाकलं तर ते कुठल्या घराचं हे त्याला समजायला मार्ग नाही, तो फेकून देतो.

गंमत म्हणजे स्क्रिप्टनं आपलं काम चोख केलं. बाहेर कोणत्या पत्त्यावरून दिसतो हे तिनं विचारलं, उत्तर मिळालं ते त्या सामायिक पेटीचं, आणि तिनं ते इमानानं डीएनएसमध्ये लिहिलं. नाव बरोबर, पत्ता जिवंत, फक्त पत्ता काकींचा नाही. राऊटरचं पान आणि 'माझा आयपी काय' सांगणारी साईट यांत वेगवेगळे आकडे दिसले की एवढं समजून घ्यायचं. पोर्ट उघडण्याच्या खटाटोपात लोक दिवसच्या दिवस घालवतात. ते पोर्ट आपल्या राऊटरवर कितीही उघडा, अडवणूक दोन मैल अलीकडे झालेली असते.

यावर उपाय तीन. कंपनीकडून कायमचा पत्ता विकत घ्यायचा: अर्ज, वेगळं भाडं, आणि साहेबांच्या मर्जीनं लागेल तो वेळ. दुसरा आयपीव्ही6: तिथे पत्त्यांचा तुटवडाच नाही आणि भारतात मोबाइलवर ते भरपूर चालतं, पण कुठल्यातरी ऑफिसच्या वायफायवर बसलेल्या पाहुण्याला ते नसलं तर काकींचं बुकिंग गेलं. म्हणून तिसरा. मुंबईतल्या मशीनपासून फ्रीजवरच्या संगणकापर्यंत वायरगार्डचा बोगदा. जोडणी आतून बाहेर होते, त्यामुळे सामायिक पेटी तिला अडवत नाही. जग मुंबईला हाक मारतं, मुंबई ती देवबागला पोचवते.

किल्ल्या दोन्हीकडे घालते, ए नोंद मुंबईच्या पत्त्याकडे वळवते, ती बदलणारी स्क्रिप्ट बंद करते. काकींच्या मुलानं गेल्या वर्षी उत्साहानं टाकलेली एक एएएए नोंदही सापडते, ती लाइन बदलायच्या आधीच्या आयपीव्ही6 पत्त्याकडे बोट दाखवतेय. ती काढली नसती तर मोबाइलवाल्यांना उशीर किंवा नकार आणि वायफायवाल्यांना सगळं ठीक, असा भुताटकीचा खेळ आठवडाभर चालला असता.

"झाला?" काकी चहा ठेवतात.

पान उघडतं. खोल्यांचे फोटो मात्र अर्ध्यावर येऊन थांबतात. छोटं पोचतं, मोठं अडकतं. अशा वेळी मला पाकिटाच्या मापाचा संशय येतो. या घरच्या फायबरवर एका पाकिटात 1500 नाही, 1492 बाइट मावतात. वायरगार्ड स्वतःच्या वेष्टणाला 80 धरतो, तेव्हा आतल्यासाठी उरतात 1412. त्याचा मूळ आकडा 1420. आठ बाइटांची तफावत, आणि तेवढ्यासाठी समुद्राकडच्या खोलीचा फोटो आडवा कापलेला. आकडा बदलते. आले सगळे फोटो.

पाहुणे तोवर गगनबावड्याचा घाट उतरत होते. त्यांच्या फोनवर उघडलं म्हणून त्यांनी कळवलं. आता त्याचा त्यांना काय उपयोग, ते सोडा.

दुपारी 2.10

घरी, बांगड्याचं तिखलं आणि भात. लाईट नाही. इन्व्हर्टर राऊटर, लॅपटॉप आणि एक पंखा ओढतो.

16 मे 2021 ला तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलं त्यानंतर इथे दिवसच्या दिवस लाईट नव्हती. विजेचे खांब आडवे, मोबाइलचे बरेच टॉवर बंद. घरातले संगणक अर्थातच मेलेले. पण नावांचे नेमसर्व्हर बाहेर होते, त्यामुळे कोल्हापूरच्या मैत्रिणीला फोनवर सांगून नोंदी बदलता आल्या आणि सगळ्या साईटच्या जागी 'आम्ही ठीक आहोत, लाईट आली की फोन करतो' असं एक साधं पान लागलं. ते तिच्या घरातल्या संगणकावर होतं.

3.00

काकींचा मुलगा, ठाण्याहून. त्याला घरचे कॅमेरे बघायला वेगळं उपनाव हवं होतं. सकाळी मी हो म्हटल्यापासून तो ते नाव ब्राउझरमध्ये टाकून बघतोय. मी नोंद आत्ता केली. माझ्या फोनवर उघडतं, त्याच्याकडे 'असं नाव अस्तित्वात नाही'.

तू घाई केलीस, म्हणते. तो हसतो, पण खरंच तसं आहे. 'हे नाव आहे' हे उत्तर जसं साठवून ठेवतात तसं 'नाही' हेही ठेवतात. किती वेळ ठेवायचं ते झोनच्या माथ्यावरच्या नोंदीत लिहिलेलं असतं, आमच्याकडे एक तास. त्यानं नोंद होण्याआधी विचारलं, 'नाही' ऐकलं, आणि आता त्याच्या कंपनीचा डीएनएस सर्व्हर तासभर तेच घोकणार. डेटावर जा नाहीतर चहा पी, एवढाच सल्ला.

4.15

बाजारातलं एक दुकान: काजू, कोकम, मालवणी मसाला. ऑर्डरची साईट साऱ्या जगात उघडते, दुकानातल्याच संगणकावर नाही. पूर्वी गल्ल्यावर बसणाऱ्या पोरानं कधीतरी 'होस्ट्स' फाइलमध्ये जुना पत्ता लिहून ठेवलेला. संगणक ती फाइल आधी बघतो, डीएनएसला विचारायच्याही आधी. सगळ्या नेटवर्कची नावं एका फाइलीत लिहून अमेरिकेतल्या एका संस्थेतून वाटली जायची, त्या काळाचं हे शेपूट प्रत्येक संगणकात अजून शिल्लक आहे. ओळ पुसली, दोन मिनिटांत काम झालं. दुकानदारांनी कोकम आगळाची बाटली हातात ठेवली आणि पैशांचा विषय काढला नाही, मीच काढला.

तिथेच त्यांनी विचारलं, देवनागरीत नाव मिळतं ना? मिळतं. डॉट भारत 2014 पासून आहे. पण आत, डीएनएसमध्ये, ते रोमन अक्षरांतच जातं आणि सुरुवात होते 'एक्सएन'नं. कुठे कुठे तुमच्या दुकानाच्या नावाऐवजी गिऱ्हाइकाला ती अगम्य माळ दिसते. हौसेनं दुसरं नाव म्हणून घ्या, पाटीवर लावा, एकटं त्याच्यावर विसंबू नका.

6.30

ढग आले. तारकर्लीच्या एका हॉटेलवाल्यांचा फोन चालू असतानाच पहिला गडगडाट. त्यांना आता नेमसर्व्हरही स्वतःच्याच हॉटेलात हवाय. कोणावर अवलंबून राहायचं नाही, असा त्यांचा बाणा. बाणा मला पटतो, बेत पटत नाही.

नेमसर्व्हर दोन तरी लागतात आणि ते वेगवेगळ्या नेटवर्कवर असावेत, हा जुना नियम उगाच केलेला नाही. 4 ऑक्टोबर 2021 ला फेसबुकनं देखभालीच्या कामात आपल्याच नेटवर्कचा कणा तोडला, तशा त्यांच्या डीएनएस सर्व्हरांनी आपल्याकडे यायच्या वाटा मागे घेतल्या. सहा-एक तास फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम ही नावंच जगाला सापडेनात, आणि दुरुस्तीची कंपनीची स्वतःची साधनंही त्याच नावांवर टांगलेली. त्यांचं तसं होतं, तर तारकर्लीत लाईट गेली की तुमचं काय होईल? साईट पडली तर पडली. नेमसर्व्हर पडला की मेलही थांबतो, आणि मी साईट दुसरीकडे वळवायची म्हटलं तरी वळवायला हात उरत नाही.

"मग स्वतःचा असा काय रवला?"

नाव, म्हटलं. ते तुमच्या नावावर आहे ना? फोनवर बराच वेळ काही नाही. मग, "मेव्हण्याक विचारूक व्हया."

वीज कडाडायला लागल्यावर मी माझ्या राऊटरची वायर भिंतीतून काढते. सर्ज प्रोटेक्टर वगैरे ठीक आहे. वायर काढलेली बरी.

8.45

देवबागच्या साईटचं प्रमाणपत्र. लेट्स एन्क्रिप्ट ते फुकट देतं, 90 दिवसांचं, आणि नूतनीकरणाच्या वेळी नावाच्या पत्त्यावर 80 क्रमांकाच्या पोर्टवर येऊन खात्री करून घेतं. पत्ता सामायिक पेटीचा राहिला असता तर ही खात्री झाली नसती, आणि काही आठवड्यांनी पाहुण्यांना 'ही साईट सुरक्षित नाही'चं पान दिसलं असतं. तेव्हा रात्री गेलेली लाईट कोणालाच आठवली नसती. आता मुंबईमार्गे सगळं पोचतंय, तरी रंगीत तालीम करून घेते. जमलं.

मग वही. कागदाचीच, कारण लाईट नसतानाही ती उघडते. प्रत्येक साईटला एक पान: नाव कोणाच्या खात्यावर, मुदत कधी, ओटीपी कोणाला, नेमसर्व्हर कुठे, घरात विचारलं तर काय उत्तर आणि बाहेर काय. देवबागच्या पानावर 1412 लिहून खाली दोन रेघा. तारकर्लीच्या पानावर 'मेव्हणे?'

9.50

दुबईहून मेसेज. मुलानं जुना नंबर भावाला देऊन ठेवला होता, भाऊ कणकवलीत, त्यानं संध्याकाळी ओटीपी सांगितला. "रिन्यू केलंय. आता त्यातसून माझो नंबर काढा."

डिग चालवून बघते. डॉट इनकडून ग्रंथालयाचे जुने नेमसर्व्हर परत येतायत. माझ्या फोनवर अजून जाहिराती, लॅपटॉपवर मासिकं. हे चालायचंच, काही तास. नंबर काढायचा तर त्याजागी चिटणीसांचा घालावा लागेल आणि त्यावर ओटीपी येईल. ते नऊला झोपतात. उद्या सकाळी सातला त्यांना फोन करायचा, आणि त्याआधी अध्यक्षांचा मुलगा हा मान मागणार नाही एवढं बघायचं.